शब्दचर्चा : यातनांना ‘साथ’, ‘संगनमत’ की ‘सहभाग’?

प्रश्न :

पुण्यातील आमचे छोटे अभ्यासमंडळ अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या नागरिकांनी दिलेल्या एका दीर्घ लढ्यावर मराठीत टिपण लिहीत आहे. २००१ नंतर सीआयएने संशयितांना परदेशांत पकडून गुप्त कोठड्यांत नेण्यासाठी जी विमाने वापरली, त्यांपैकी काही विमाने या राज्यातील जॉन्स्टन काउंटीच्या विमानतळावर ठाण मांडलेली एअरो कॉन्ट्रॅक्टर्स ही कंपनी चालवीत असे. खालिद अल-मसरी या निरपराध जर्मन नागरिकाला जानेवारी २००४ मध्ये मॅसेडोनियातून अफगाणिस्तानात नेले गेले ते याच कंपनीने चालविलेल्या विमानातून. आणि स्कोप्ये विमानतळावर त्याला मिळालेली वागणूक म्हणजे यातनाच होत, असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. राज्याच्या लोकप्रतिनिधींनी या स्थानिक दुव्याची चौकशी करावी, असा आग्रह तेथील नागरिकांनी वर्षानुवर्षे धरला. सरकार हलेना, तेव्हा बिगरसरकारी आयोगाने २०१७ मध्ये जनसुनावणी घेऊन २०१८ मध्ये अहवाल दिला.

वैमानिक, तंत्रज्ञ, जागा भाड्याने देणारे विमानतळाचे व्यवस्थापन यांपैकी कोणीही कैद्यावर हात उगारला नाही, आणि तरीही त्यांच्यावाचून हे घडले नसते. त्यांच्या या भूमिकेला मराठीत काय म्हणावे?

पहिला प्रतिसाद :

‘संगनमत’ कृपया वापरू नये. या शब्दात आधी एकत्र बसून ठरविल्याचा आणि बहुधा आपापला लाभ पाहिल्याचा अर्थ आहे. ठेकेदार आणि अधिकारी यांच्याबाबत तो चपखल बसतो. ‘सहभाग’ तर वृक्षारोपणातही असतो, त्यामुळे त्याला दोषाची धार नाही. कायद्याच्या मराठीत ‘अपप्रेरणा’ हा शब्द रूढ आहे. वृत्तपत्रे त्याचे ‘प्रवृत्त करणे’ एवढेच करतात, परंतु कायद्यातील व्याख्या त्याहून व्यापक आहे : चिथावणी, कट आणि तिसरे म्हणजे हेतुपुरस्सर केलेले साहाय्य, मग ते कृतीने असो वा कर्तव्य असताना ते बेकायदेशीरपणे टाळल्याने असो. आपल्याला हवा असलेला अर्थ या तिसऱ्या भागात आहे. अडचण इतकीच, की ‘अपप्रेरणा’ हा शब्द वकिलांच्या बाहेर फारसा कोणाला कळत नाही.

दुसरा प्रतिसाद :

मी ‘साथ देणे’ सुचवीन. ‘त्याला कोणाची साथ होती?’ हा प्रश्न आपल्याकडे कोणीही विचारतो आणि त्यात जाणूनबुजून केलेली मदत आपोआप येते. मात्र ‘मूकसंमती’ हा शब्दही जवळ ठेवावा, कारण संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या यातनाविरोधी करारात शासकीय अधिकाऱ्याच्या चिथावणीने, संमतीने किंवा मूकसंमतीने दिलेल्या यातनाही व्याख्येत धरल्या आहेत.

‘छळ’ आणि ‘यातना’ यांतही फरक करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. छळ सासरी होतो, कार्यालयात होतो. कबुली किंवा माहिती काढून घेण्यासाठी शासनाच्या बळावर दिलेल्या तीव्र वेदनांना ‘यातना’च म्हणावे. आणि ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्हा कबूल केला’ हे वाक्य आपण बातम्यांत किती सहजपणे वाचतो! या वाक्यात कोणाला काय झाले हे कळत नाही, कोणी केले हेही कळत नाही, आणि लिहिणारा व वाचणारा दोघेही नकळत साथ देऊन मोकळे होतात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे ठाऊक असूनही ते छापले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टिपणाबरोबरच आम्ही आपल्या आमदार-खासदारांना द्यावयाचे निवेदनही लिहीत आहोत. भारताने त्या करारावर १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, परंतु अनुसमर्थन, म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक असल्याची औपचारिक मान्यता, अद्याप केलेले नाही. यातना प्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत अडले आणि पुढे लोकसभेची मुदत संपल्याने व्यपगत (रद्द) झाले. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात पुन्हा कायद्याचा मसुदा सुचविला. विमानतळाच्या जागी आपल्याकडे वेगळी माणसे उभी असतात : अंगावरचे वळ न पाहता तपासणीचा कागद भरणारा डॉक्टर, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा प्रश्न आरोपीला त्याच पोलिसांच्या घोळक्यात विचारून पुढे जाणारे न्यायालय, आणि कॅमेरा नेमका त्या रात्री बंद होता असे लिहून देणारा कर्मचारी. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कोठडीतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी सांगितली आणि २०२० मध्ये दुसऱ्या एका खटल्यात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बंधनकारक केले, ते याच साखळीला छेद देण्यासाठी.

आणखी एक शंका : मागणी ‘तपासा’ची करावी की ‘चौकशी’ची?

पहिला प्रतिसाद देणाऱ्यांचे उत्तर :

ताई, ‘चौकशी’च लिहा. तपास पोलीस करतात, आणि येथे त्यांच्याच वर्तनाचा प्रश्न आहे. चौकशी सभागृहाची समिती करू शकते, १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाखाली नेमलेला आयोगही करू शकतो. वाक्य असे चालेल : ‘कोठडीत दिल्या जाणाऱ्या यातनांना कृतीने, मौनाने किंवा कर्तव्य टाळून साथ देणाऱ्या प्रत्येक स्थानिक यंत्रणेची विधिमंडळाने स्वतंत्र चौकशी करावी.’ ‘मौनाने’ आणि ‘कर्तव्य टाळून’ हे दोन्ही राहू द्यावेत. पहिल्याला कायद्याने नेहमीच शिक्षा होते असे नाही, म्हणूनच त्याची नोंद लोकप्रतिनिधींनी घ्यायला हवी.