तीर्थन नदीतील ट्राउटसाठी ४ वेटचा रॉड घ्यावा की ५ वेटचा?

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात, बंजार-गुशैणीच्या परिसरात, ब्राउन ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग करण्याचा बेत आहे. मत्स्य विभागाचा परवाना आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातील बंदी यांची माहिती मी घेतली आहे; अडचण आहे ती साहित्याची आणि सरावाची.

खाडीत स्पिनिंग रॉडने मासेमारी करण्याची मला सवय आहे. तेथे आमिषाच्या वजनामागे दोरी जाते. येथे मात्र जवळजवळ वजनरहित फ्लाय (पिसे-धाग्यांचे किड्यासारखे कृत्रिम आमिष) जाड लाइनच्या भाराने पुढे न्यायची असते. त्यामुळे मागे गेलेली लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबणे मला अजून जमत नाही.

ट्राउटसाठी ९ फुटी, ५ वेटचा (वेट म्हणजे रॉडला जुळणाऱ्या लाइनच्या वजनाचा क्रमांक; आकडा लहान तितकी लाइन हलकी) रॉड घ्यावा, असा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो. परंतु तीर्थनचे पात्र धोंड्यांनी भरलेले, डोह लहान आणि काठावर झाडी, हे पाहता साडेआठ फुटी, ४ वेटचा रॉड मला अधिक सोयीचा वाटतो. मात्र धोंड्यांआड निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) सोडताना मधल्या वेगवान धारेवरून लाइन उचलून धरावी लागते, आणि तेथे लांब रॉडचाच उपयोग होतो. शिवाय दुपारी खोऱ्यात वारा सुटला की ४ वेटची लाइन कितपत टिकाव धरेल, हीही शंका आहे. तेथे मासेमारी केलेल्यांनी कोणता रॉड निवडला आणि का, हे कृपया सांगावे. रीलवर फार खर्च करण्याचा विचार नाही. एवढ्या माशांसाठी ते मुख्यतः लाइन गुंडाळून ठेवण्याचे साधन आहे, त्यापेक्षा चांगल्या फ्लोटिंग लाइनवर पैसे घालणे मला योग्य वाटते.

सरावासाठी पुण्यातील मैदानावर लीडरच्या (लाइनच्या पुढच्या बारीक दोऱ्याच्या) टोकाला लोकरीचा तुकडा बांधून साधा ओव्हरहेड कास्ट करतो. परंतु पाठीमागे झाडी असताना लागणारा रोल कास्ट (लाइन मागे न फेकता पुढे उलगडण्याची पद्धत) गवतावर नीट होत नाही, कारण त्यासाठी लाइनला पाण्याची पकड मिळावी लागते. धरणाच्या संथ पाण्यावर तो शिकल्यास वाहत्या नदीत उपयोगी पडेल का? आणि प्रवाहाने लाइन ओढल्यामुळे ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी फ्लाय) अनैसर्गिकपणे घसरू लागते, ते टाळण्यासाठी लाइन प्रवाहाच्या वरच्या बाजूला वळवून टाकण्याचा सराव नदीवर जाण्यापूर्वी कसा करावा?