छाती-पाठ एकाच दिवशी: घोळ पकडीचा
जिममध्ये छाती आणि पाठ यांचा व्यायाम एकाच दिवशी केला की दोन्ही अर्धवट होतात असं काही जण म्हणतात, मला नाही पटत. बेंचचा (बाकावर आडवं होऊन रॉड वर ढकलायचा) सेट, मिनिटभर दम, मग रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढायचा), परत मिनिटभर दम, मग बेंच असं केलं की पाठ राबते तोवर छातीला आपसूक जवळजवळ 3 मिनिटं आराम मिळतो आणि वेळही वाचतो. खरा घोळ पकडीचा. आमच्या मालवणात मे महिन्यात जिमचे पंखे नुसती गरम हवा फिरवतात, तळहात ओलेगच्च, तिसऱ्या सेटला रॉड निसटायला लागतो, आपल्याला वाटतं पाठ दमली पण दमलेली असतात बोटं. मी जुना पंचा जवळ ठेवतो (घाम येऊ नये म्हणून हाताला चोळायचा खडू मालक आणू देत नाही, लादी खराब होते म्हणे). आणि वाकून रोइंगने कंबर भरायची, म्हणून आता बाकावर एक हात टेकून दुसऱ्याने डंबेल ओढतो.