इमोशनल इंटेलिजन्सच्या फॉर्ममध्ये सगळेच भारी कसे काय??

दाढदुखी_थर्डइयर:
आमच्या डेंटल कॉलेजात एका पीजी मॅडमच्या थिसिससाठी ईआयचा (इमोशनल इंटेलिजन्स, म्हणजे आपल्या नि दुसऱ्याच्या भावना ओळखता येणं) फॉर्म भरून घेतला, तो शुटे नावाच्या संशोधिकेचा 33 प्रश्नांचा, एक ते पाचात टिक मारायची. समोरच्याच्या आवाजावरून त्याला काय वाटतंय ते कळतं का, असले प्रश्न. जवळजवळ सगळ्यांचा स्कोअर मस्त आला. आणि ओपीडीत बघावं तर त्यातलाच एक टॉपर, पेशंट खुर्चीत मागे मागे सरकतोय तरी ह्याचं स्केलिंग (दात साफ करणं) चालूच 😑 मग हा स्कोअर नक्की कशाचा? मेडिकलवाल्यांकडे पण असंच का?

सायकियाट्री_जेआर:
स्वतःबद्दलच्या समजुतीचा, दुसरं काय. सालोवे आणि मेयर ह्या मानसशास्त्रज्ञांनी 1990 ला ही कल्पना मांडली ती क्षमता म्हणून, नंतर चेहऱ्यांचे फोटो दाखवून भावना ओळखायला लावणारी वेगळी टेस्टही काढली, आणि त्या टेस्टचे मार्क नि असल्या फॉर्मचे मार्क फारसे जुळत नाहीत. 1999 चा क्रूगर-डनिंगचा पेपर वाच, आपण किती हुशार हा पोरांचा स्वतःचा अंदाज किती चुकतो त्यावरचा. लॉजिक, व्याकरण, विनोद असले विषय होते, पण तळातल्या पाव पोरांचा नंबर सरासरी 12व्या पर्सेंटाइलला (म्हणजे शंभरातले 12च त्यांच्या मागे) आणि त्यांना वाटत होतं आपण 62व्याला आहोत! वरची पोरं उलट स्वतःला थोडं कमीच धरत होती.

इंटर्न_बिचारा:
डेंटलला अजून एक लोचा आहे, पेशंट शुद्धीत असतो पण तोंडात कापूस, सक्शन, आपली बोटं, बोलणार कसा? म्हणून दुखलं तर डावा हात वर करा हे आधी सांगायचं असतं. सांगतो कोण, ठरलेल्या केसेसचा कोटा पूर्ण करायचा असतो ना भाऊ, सरांची सही घ्यायची असते. एका बाबांच्या डेंचरची (कवळीची) ट्राय-इन, म्हणजे बसवून बघणं, होती, आरसा हातात दिला तर म्हणाले चांगलंय, आणि ओठ घट्ट मिटून बसले. पार्टनर लगेच सही घ्यायला पळाला. मी आजींना विचारलं तेव्हा कळलं की दात फार मोठे दिसतायत, पण डॉक्टरांना नावं कशी ठेवायची म्हणून बाबा गप्प. आता ह्या पार्टनरने फॉर्ममध्ये काय टिक केलं असेल सांगायला नको.

मास्तर_पीएसएम:
मेडिकललाही तेच हो. 2019 च्या एमबीबीएस बॅचपासून एटकॉम (अ‍ॅटिट्यूड, एथिक्स नि कम्युनिकेशनचा कोर्स) आलं, कम्युनिकेशन शिकवा म्हणून, चांगलं आहे, पण दीडशे पोरांच्या लेक्चर हॉलमध्ये रोल प्ले म्हणजे दोघं बोलणार आणि बाकीचे अटेंडन्ससाठी. अमेरिकेत होजात नावाच्या संशोधकांनी 2009 ला दाखवलं होतं की थर्ड इयरला, म्हणजे तिकडे पोरं वॉर्डात जातात तेव्हा, एम्पथीचा स्कोअर घसरतो. गंमत अशी की तो स्कोअर ज्यावर मोजला ती जेफरसन स्केलसुद्धा पोरं स्वतःच भरतात! त्यामुळे मला तरी वाटतं त्या घसरणीत थोडा भाग पोरांना स्वतःचं खरं रूप दिसल्याचाही असेल. खरं बघायचं असेल तर पेशंटला विचारा, वॉर्डातल्या सिस्टरना विचारा, त्यांना कोण कसा आहे हे पहिल्या आठवड्यातच कळलेलं असतं.

दाढदुखी_थर्डइयर:
थँक्यू सर, मॅडमना हेच सुचवलं की पेशंटकडूनही एक फॉर्म भरून घ्या. म्हणाल्या सायनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) अप्रूव्ह झालाय, आता परत एथिक्स कमिटीकडे कोण जाणार 🙏