दिल्लीत चार दिवस : दोघांनी काय पाहावे, काय सोडावे?

प्रश्न – वाईकर

नमस्कार. फेब्रुवारीच्या मध्यास मी आणि माझी पत्नी चार दिवस दिल्लीला जाणार आहोत. तिने शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवला असून संग्रहालयाची दालने सावकाश पाहण्याची तिला मनापासून आवड आहे, परंतु गुडघेदुखीमुळे जास्त पायऱ्या चढणे जमत नाही. एका दिवसात आठ-दहा ठिकाणे उरकणाऱ्या बसच्या सहली आम्हाला नकोत. कुतुब मिनार, लाल किल्ला, हुमायूनची कबर आणि राष्ट्रीय संग्रहालय एवढे नक्की केले आहे. यांचा क्रम कसा लावावा आणि आणखी काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – जुना दिल्लीकर

वास्तू ज्या क्रमाने बांधल्या गेल्या त्याच क्रमाने त्या पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे. आरंभ कुतुबपासून करावा. मिनारात १९८१ च्या चेंगराचेंगरीपासून आत सोडत नाहीत, त्यामुळे चढण्याचा प्रश्नच नाही आणि परिसरही बहुतांशी सपाट आहे. तेथे मिनारापेक्षा जास्त वेळ शेजारच्या मशिदीच्या कमानींना द्यावा. त्या स्थानिक गवंड्यांनी दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवत रचल्या आहेत. आकार कमानीचा असला तरी भार पेलण्याची रीत आपल्या जुन्या मंदिरांचीच आहे. त्यानंतर काही पावलांवरच्या, १३११ मधील अलाई दरवाजात खरी कमान, म्हणजे पाचरीसारखे दगड एकमेकांना रेटून उभी राहणारी कमान, आणि घुमट दिसतो. शंभर-सव्वाशे वर्षांत गवंड्यांच्या हाताने काय आत्मसात केले, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते.

दुसऱ्या दिवशी हुमायूनची कबर पाहावी. तिच्या आवारातच १५४७ मधील इसा खानची अष्टकोनी कबर आहे. ती आधी पाहावी. मुख्य चौथऱ्याच्या पायऱ्या उंच आहेत, त्या वहिनींनी हळूहळू चढाव्यात किंवा खालच्या बागेतूनच इमारत पाहावी. लगतचे भूमिगत संग्रहालय २०२४ मध्ये सुरू झाले आहे, तेही चुकवू नये. सायंकाळी जोर बाग मेट्रो स्थानकाजवळची सफदरजंगची कबर पाहावी. ती १७५४ ची आहे, आणि मुघल सत्ता ओसरत असताना तीच शैली कशी बारीक नक्षीत अडकली, हे तेथे जाणवते.

उत्तर – पानिपत-अभ्यासक

वरील क्रमाशी मी सहमत आहे, परंतु मराठी माणसाने लाल किल्ल्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवावी. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा पैशाची टंचाई इतकी होती की दिवाण-ए-खास या बादशहाच्या खास दरबाराच्या दालनाचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. पुढे १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या पाठबळावर मुघल बादशहा शाह आलम दिल्लीच्या तख्तावर परतला, आणि १८०३ मध्ये शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून इंग्रजांनी शहर ताब्यात घेतले. त्या दालनासमोर उभे राहून हे सारे आठवावे, असे मला मनापासून वाटते. लाहोरी दरवाजापासून आत बरेच चालावे लागते, म्हणून सकाळी लवकर जावे. १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला याच किल्ल्यात चालला होता. त्यासंबंधीचे संग्रहालयही आत आहे.

उत्तर – संग्रहालयप्रेमी

राष्ट्रीय संग्रहालय शेवटच्या दिवसावर ढकलू नये, कारण थकलेल्या पायांनी तेथे काहीच धड पाहून होत नाही. पहिल्या दिवशी ताज्या मनाने हडप्पा संस्कृतीचे दालन पाहावे. मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी अवघी साडेदहा सेंटीमीटर उंच आहे. जवळ गेल्याखेरीज तिचा बांगड्यांनी भरलेला डावा हात आणि कमरेवर टेकवलेला उजवा हात नीट दिसत नाही. त्यानंतर पिपरहवा येथील बुद्धाच्या अस्थी आणि दक्षिणेतील कांस्यमूर्ती पाहाव्यात. बाकीची दालने सोडली तरी हरकत नाही.

एक व्यावहारिक सूचना : राष्ट्रीय संग्रहालय आणि लाल किल्ला सोमवारी बंद असतात, तर कुतुब आणि हुमायूनची कबर रोज उघडी असते. त्यामुळे तुमच्या चार दिवसांत सोमवार येत असेल, तर तो कुतुबसाठी ठेवावा.

वाईकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही रविवारी पोहोचत आहोत. त्यामुळे सोमवारी कुतुब, मंगळवारी संग्रहालय, बुधवारी हुमायून आणि सफदरजंग, व गुरुवारी सकाळी लाल किल्ला असा क्रम ठरवला आहे.