मदत हवी आहे: ८५ मिमी पोर्ट्रेट लेन्सचा फोकस बेसा आर वर मागे पडतोय

कृष्णाकाठ (सांगली):

नमस्कार मंडळी. कॅमेरा फोक्टलेंडर बेसा आर, लेन्स ज्युपिटर-९, ८५ मिमी एफ/२, एम३९ आट्यांची. मिरजेतल्या सतार बनवणाऱ्या कारागिरांची पोर्ट्रेट्स चालली आहेत. खोलीत उजेड कमी, त्यामुळे एफ/२ ला (लेन्सचं सगळ्यात मोठं छिद्र) पर्याय नाही. अंतर १.२ ते २ मीटर, शटर १/१२५, फिल्म ४०० ची.

डोळ्यावर पॅच (रेंजफाइंडरच्या खिडकीतली दुहेरी प्रतिमा) नीट जुळवूनही निगेटिव्हवर बुबुळ मऊ येतं आणि कानशिलावरचे केस मोजून घ्यावेत इतके धारदार. एका फ्रेममध्ये सतारीची दांडी कॅमेऱ्याकडे तिरकी होती. जुळवलं एका पडद्यावर, पण धार आली त्याच्या मागच्या पडद्यावर. त्या पडद्याला बांधलेला दोरा वेगळा दिसतो, जुळवलेला पडदा मात्र पुसट. याच बॉडीवर ज्युपिटर-८ (५० मिमी एफ/२) बरोबर चालते. म्हणजे बॉडी ठीक आणि दोष ८५ चाच, असं धरू का? हॉट-शूखालचे (फ्लॅश बसतो त्या खाचेखालचे) रेंजफाइंडरचे स्क्रू फिरवायचा विचार आहे.

यवतेश्वर (सातारा):

स्क्रूला अजून हात लावू नका. ५० चालते म्हणून बॉडी ठीक, हा निष्कर्ष इथे टिकत नाही.

लेन्सच्या मागची कॅम-रिंग बॉडीतल्या रोलरला ढकलते, त्यावरून रेंजफाइंडर जुळतो. लायका मानकात ही हालचाल ५१.६ मिमी लेन्सची धरलेली असते. ५० मिमी लेन्समध्ये काच आणि कॅम जवळपास सारख्याच सरकतात. ८५ मध्ये काच कॅमच्या २.७ पट सरकते (८५ चा वर्ग भागिले ५१.६ चा वर्ग). म्हणून रोलर ०.०५ मिमी चुकला तर ५० वर फिल्मपाशी चूक ०.०५ मिमी आणि ८५ वर ०.१३५ मिमी. एफ/२ ला फिल्मपाशी मुभा साधारण ०.०६ मिमी मागेपुढे. ५० ती चूक पोटात घालते, ८५ उघडी पाडते. १३५ ला हाच गुणक ६.८ होतो.

तेव्हा आधी बॉडी तपासा. लेन्स अनंतावर टेकवा आणि किमान एक किलोमीटर लांबची वस्तू पाहा. आम्ही अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा धरतो. सांगली सपाट आहे, तिथे रात्री लांबच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा उत्तम, कारण ठिपका दुभंगला तर लगेच कळतं. समोरचा विजेचा खांब अनंत नव्हे. ५० मीटरवरच्या खांबावर जुळवलंत तर रोलरमध्ये तीच ०.०५ ची चूक तुम्ही स्वतः घालाल.

कुपवाड:

यवतेश्वर म्हणतात त्यात एक भर. चूक दरवेळी एकाच बाजूला पडते की विखुरते, हे आधी ठरवा. विखुरत असेल तर कुठलाही स्क्रू ती काढू शकत नाही.

बेसा आर चा बेस (रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर) ३७ मिमी, व्ह्यूफाइंडर ०.६८ पट, म्हणजे प्रभावी बेस २५ मिमी. ८५ एफ/२ ला लागणारा बेस असा निघतो: फोकल लेंथचा वर्ग गुणिले ०.०००३ (डोळ्याला ओळखू येणारा एक कलामिनिटाचा कोन, रेडियनमध्ये), भागिले एफ-आकडा गुणिले ०.०३. उत्तर ३६ मिमी. म्हणजे तुमची बॉडी मुळातच कमी पडते. १.२ मीटरवर तिची वाचनचूक पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि एफ/२ ला धारदार दिसणारा पट्टा पुढेमागे मिळून दोन सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी. लायका एम३ चा प्रभावी बेस ६२ मिमीच्या आसपास आहे, तिथे ही चूक ७ मिमीवर येते. एम६ (०.७२) चा ५० मिमी, फेड-२ चाही तेवढाच.

चाचणी ट्रायपॉडवर आणि ग्राउंड ग्लासवर (फिल्मच्या जागी ठेवलेल्या धुरकट काचेवर) घ्या, फिल्म वाया घालवू नका. काचवाल्याकडून ३५ मिमी रुंद, ५० मिमी लांब काच कापून घ्या, एक बाजू ६०० नंबरच्या कार्बोरंडम पुडीने पाणी लावून घासा. मागचं झाकण उघडून ती आतल्या दोन पट्ट्यांवर ठेवा. बाहेरच्या पट्ट्या उंच असतात, त्यांवर काच टेकली तर सगळी मापं खोटी. घासलेली बाजू लेन्सकडे. शटर बी वर (उघडं राहील असं), केबल रिलीज लॉक करून, १० पट लूपने पाहा. काचेऐवजी चिकटपट्टी ताणून लावू नका, ती मध्ये फुगते.

समोर उभी रेघ आणि तिच्या बाजूला तिरकी मोजपट्टी. प्रत्येक वाचनाआधी लेन्स अनंतापर्यंत परत न्या आणि नेहमी अनंताकडून जवळ या. जुनं ग्रीस सुकलेलं असतं, उलट दिशेने आलात की आट्यांमधली ढील वाचनात शिरते. किमान पाच वाचनं, सगळी एफ/२ ला. झोनार घडणीच्या लेन्समध्ये (तुमची ज्युपिटर-९ त्यातलीच) छिद्र लहान केलं की फोकस थोडा मागे सरकतो, म्हणून एफ/४ ला केलेली चाचणी एफ/२ ला लागू पडत नाही.

कृष्णाकाठ:

तुम्ही सांगितलंत तसं केलं. अनंतावर दिवा एकच दिसतो आणि ग्राउंड ग्लासवरही धारदार आहे. १.२ मीटरवर धार मागे, सेंटिमीटरमध्ये: ३.०, ४.१, ३.३, २.१, ३.५. दोन मीटरवर सरासरी ५.५ मागे.

यवतेश्वर:

आता चित्र स्वच्छ झालं. सरासरी ३.२ आणि तिच्याभोवती एक सेंटिमीटरचा विखुर. विखुर बेसचा आहे, तो राहणार. सरासरी मात्र दुरुस्त करता येईल.

ही चूक फिल्मच्या बाजूला आणा: वस्तूकडची चूक गुणिले मॅग्निफिकेशनचा (फिल्मवरची प्रतिमा भागिले वस्तूचा आकार) वर्ग. १.२ मीटरवर मॅग्निफिकेशन ०.०८३, म्हणून ०.२२ मिमी. दोन मीटरवर ०.०४७, म्हणून ०.१२ मिमी. अनंतावर शून्य. तिन्ही ठिकाणी आकडा सारखा आला असता तर फक्त शिमची (लेन्समधल्या जाडी जुळवणाऱ्या रिंगेची) चूक. तुमचा आकडा जवळ येताना वाढतो, म्हणजे कॅम आणि काच यांच्या चालीचं प्रमाणच जुळत नाही. ज्युपिटर-९ झाईसच्या ८५ मिमी झोनारवरून आली. झाईसच्या जुन्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यांचं मानक ५२.४ च्या आसपास, लायकाचं ५१.६. दोन्हींच्या वर्गांत ३ टक्क्यांचा फरक पडतो आणि तुमची चूकही अंतराच्या ३ टक्क्यांच्या आसपासच आहे.

बॉडी अनंतावर बरोबर असल्याने तिचे स्क्रू जागेवर राहू द्या. ते फिरवून १.२ मीटरवर धार आणलीत तर अनंत जाईल आणि चांगली चालणारी ५० पण बिघडेल.

उपाय लेन्समध्येच, आणि तो तडजोडीचा. काचांचा ब्लॉक बॅरलमधून आटे फिरवून बाहेर येतो, त्याच्या खांद्यावर पातळ रिंग असते ती शिम. येत नसेल तर जोर लावू नका, बाजूचा बारीक सेट-स्क्रू आधी शोधा. ब्लॉक फिल्मपासून लांब गेला की फोकस जवळ येतो, म्हणून तुमच्या बाबतीत जाडी वाढवायची. ०.२२ पूर्ण टाकू नका, ०.१५ टाका. मग १.३ ते अडीच मीटरपर्यंत एफ/२ ची मुभा पुरते. १.२ वर ०.०७ ची चूक उरेल, तिथे एफ/२.८ करा. अनंत एफ/२ ला मऊ होईल, एफ/५.६ पासून पुन्हा धारेवर येईल. पोर्ट्रेटच्या लेन्सला हा सौदा मला पूर्ण मान्य आहे.

वारणाकाठ:

माझ्याकडे एम६ आहे, हीच लेन्स अडॅप्टरवर. तिथे फोकस पुढे पडतो. हेच कारण?

कुपवाड:

आधी अडॅप्टर मायक्रोमीटरने मोजा. जाडी १.०० मिमी हवी (एम३९ आणि एम माउंटच्या लेन्स-बैठकीपासून फिल्मपर्यंतच्या २८.८ आणि २७.८ मिमी अंतरांतला फरक), चार ठिकाणी. ०.०५ पातळ असेल तर काच आणि कॅम दोन्ही तेवढेच मागे जातात. ५० वर चूक एकमेकींत विरते. ८५ वर कॅम भरून काढताना काच ०.१३५ पुढे येते, त्यातून ०.०५ वजा, उरली ०.०८५. फोकस पुढे पडतो तो असा.

कृष्णाकाठ, आणखी एक. उभ्या फ्रेममध्ये डोळ्यावर जुळवून कॅमेरा खाली झुकवलात तर डोळा कडेला जातो. १.२ मीटरवर सहा अंश झुकवलं की धार साडेसहा मिमी मागे पडते. शिमनंतर चाचणी घेताना हे वेगळं ठेवा. खोलीत काम करताना जुळवून झाल्यावर अंग तेवढंच मागे न्यायची सवय लावा.

कृष्णाकाठ:

शिम कशाची करू?

कुपवाड:

पहिली चाचणी कागदाच्या रिंगने. झेरॉक्सचा ८० जीएसएम कागद ०.१ मिमीच्या आसपास असतो. कागद दबतो, म्हणून तो कायमचा ठेवायचा नाही. नंतर पितळी शिमपत्रा. ०.०५ चा असेल तर तीन रिंगा होतात, पण एकच ०.१५ ची मिळाली तर ती घ्या. थरांमध्ये धूळ बसली की माप जातं. कात्रीने कापल्यावर कडेला बूर उभा राहतो, तो काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर दोन्ही बाजूंनी घासून काढा आणि मग मायक्रोमीटरने चार जागी मोजा. मूळ शिम फेकू नका, तिचं माप लिहून लेन्सच्या डबीत ठेवा.