‘झाले गेले विसरून जा’ म्हणणाऱ्यांनी दार कोणासाठी उघडले?

शेवंती
‘निवृत्त मास्तर’ यांनी परवा येथे लिहिले की, घटस्फोटानंतर पूर्वीच्या जोडीदाराचा नंबर ब्लॉक करणे हा पळपुटेपणा आहे. समंजस माणसे मनापासून क्षमा करतात आणि मुलांसाठी निदान सणावाराला एका पंगतीत बसतात. दोन दिवस गप्प राहिले, आता राहवत नाही.

अकरा वर्षांच्या संसारात माझ्यावर एकदाही हात उगारला गेला नाही. पण भाजीला पैसे मागताना मागच्या महिन्याचा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवावा लागे. पाहुण्यांसमोर नवरा इतका गोड वागे की, ते गेल्यावर चालणाऱ्या चार-चार दिवसांच्या अबोल्याविषयी कोणाला सांगितले तर मीच खोटी ठरे. रात्री बोललेले वाक्य सकाळी ‘मी असे बोललोच नाही, तुझेच डोके ठिकाणावर नाही’ असे म्हणून नाकारले जाई. शेवटी मी तारीख घालून त्याची वाक्ये वहीत लिहू लागले, ती कोणाला दाखवण्यासाठी नव्हे, तर मला वेड लागलेले नाही एवढी स्वतःची खात्री पटावी म्हणून.

वेगळी झाल्यावर मी तीनच नियम केले, म्हणजे माझ्या सीमा आखल्या. मुलाविषयीचे बोलणे फक्त ई-मेलवर, भेट शनिवारी चार वाजता सोसायटीच्या फाटकापाशी, आणि घरात प्रवेश नाही. तीन महिने हे सुरळीत चालले. नियम मोडला तो त्याने नव्हे, माझ्या आईने. गौरीजेवणाच्या दिवशी तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला आणि आईने ‘सणाचे कोणाला दारातून परत पाठवू नये’ म्हणून त्याला पाटावर बसवले. त्या रात्री मला त्याचे बावीस मेसेज आले; त्यांतला पहिला होता, ‘चूक कोणाची ते तुझ्या आईलाही कळले आहे.’ नंबर मी त्यानंतर ब्लॉक केला. मास्तर, यात पळाले कोण?

निवृत्त मास्तर
शेवंतीताई, आपल्याला जे सोसावे लागले त्याबद्दल मला सहानुभूती आहे. परंतु आपल्या एका उदाहरणावरून सर्वांसाठी नियम होत नाही. पूर्वी नवरा तापट असे, हेकट असे, आता तो सरसकट ‘नार्सिसिस्ट’, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला, असतो. मोबाइलवरील दीड मिनिटाचे व्हिडिओ पाहून लोक निदान करू लागले आहेत. ज्या विकाराचे हे नाव आहे, तो अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 1980 साली आला आणि नऊपैकी किमान पाच लक्षणे असल्याशिवाय ते निदान करता येत नाही, हे यांतल्या किती जणांना ठाऊक आहे?

माझ्या धाकट्या बहिणीने असेच दार कायमचे बंद केले. तिचा मुलगा वडिलांना भेटला तो थेट स्मशानात, आणि तेथे कोणीतरी त्याला विचारले, ‘आपण कोण?’ तो प्रश्न मी विसरू शकत नाही, आणि म्हणूनच लिहिले होते.

मंजिरी
मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. निदानाच्या बाबतीत मास्तरांचे म्हणणे खरे आहे, पण त्याचा येथे उपयोग काय? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याला नवऱ्याच्या विकाराचे नाव लागत नाही. त्याच्या कलम 3 मध्ये शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणजे भाजीच्या पैशांचा हिशेबही त्यात बसू शकतो. कलम 18 नुसार दंडाधिकारी फोनसह कोणत्याही मार्गाने संपर्क साधण्यास मनाई करू शकतात, आणि तो आदेश मोडल्यास कलम 31 नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. न्यायालय ज्याला संरक्षण म्हणते त्याला आपण पळपुटेपणा म्हणता.

आता क्षमेविषयी. दास्ताने पती-पत्नीच्या खटल्यात 1975 साली पत्नीच्या वागण्यात क्रूरता होती हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, पण त्यानंतरही वैवाहिक संबंध चालू राहिल्यामुळे पतीने ती माफ केली असे धरले, आणि त्याचे अपील फेटाळले. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटले की अशी क्षमा सशर्त असते. समोरच्याने पुढे पुन्हा तसेच वागले तर जुनी तक्रार जिवंत होऊ शकते. आपल्याकडचे नातेवाईक निकालाचा पहिला अर्धा भाग तेवढा जगतात: ‘एवढी वर्षे राहिलीस ना, मग सहन होत होते.’

सरळरेघ
दास्ताने खटल्याचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण त्यात पीडित पुरुष होता. पण 2005 च्या कायद्याखाली अर्ज करण्याचा हक्क फक्त स्त्रीला आहे, हे सांगताना मात्र वकीलबाईंची लेखणी थबकली.

माझी पत्नी रोज माझा फोन तपासत असे, माझ्या आईशी बोलल्यास जेवण वाढत नसे आणि वाद झाला की ‘498अ लावीन’, म्हणजे पत्नीच्या छळाचे फौजदारी कलम लावीन, असे म्हणत असे. मी सहा वर्षे कोणाला सांगितले नाही. सांगितले तेव्हा मित्र हसले. माझ्या सीमा कोणत्या कलमात बसतात?

मंजिरी
लेखणी थबकली नाही, विषय वेगळा होता. आपण क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागू शकता आणि पुरुषांना तो मिळतोही. मात्र संरक्षण आदेशाची त्वरित मिळणारी सोय आपल्याला नाही, हे मान्य करते.

सरळरेघ
‘मान्य करते’ म्हणून उपकार केल्याचा आव आणू नये. मी सहा वर्षे गमावली आहेत.

लेस्टरवासी
येथे इंग्लंडमध्ये 2015 च्या कायद्यातील कलम 76 नुसार जोडीदारावर सतत ताबा गाजवणे हा गुन्हा आहे. त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. सुरुवातीला वेगळे राहणारे पूर्वीचे जोडीदार त्यातून सुटत. एप्रिल 2023 पासून तेही कक्षेत आले, कारण छळ घर सोडल्याने थांबत नाही हे उशिरा का होईना कळले. तरीही सांगतो, येथील मराठी मंडळाच्या गणपतीत दोघांनाही बोलावून शेजारी बसवणारे लोक आहेतच. कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

सरळरेघ
म्हणजे माझा मुद्दा परदेशात कधीच मान्य झाला आहे, एवढे तरी कबूल करा.

शेवंती
सरळरेघ, कबूल आहे, आणि आपले मित्र हसले याचे मला खरोखर वाईट वाटते. पण आपणही जरा पाहा, मी आईविषयी लिहिले होते आणि पंधरा मिनिटांत सगळे कलमे मोजू लागले. आपल्याला हसणारे ते मित्र आणि माझ्या घरात पाट मांडणारी माझी आई, ही एकाच जातीची माणसे आहेत. सीमा आपण आखतो ती एका माणसासाठी, पण तिच्यावर पहारा ठेवावा लागतो तो आपल्यावर प्रेम करणाऱ्या दहा जणांपासून, आणि त्यांतला प्रत्येक जण म्हणतो की, मी तर फक्त चहा दिला.

मास्तर, आपल्या भाच्याविषयी वाचून मी थांबले. पण माझा मुलगा दर शनिवारी वडिलांना भेटतो. बंद आहे तो माझा फोन, त्याचे फाटक नव्हे.

निवृत्त मास्तर
फाटकावरच्या भेटीचा नियम मी आपल्या पहिल्या लेखात घाईने वाचला, हे खरे आहे. ‘पळपुटेपणा’ हा शब्द मागे घेतो. पंगतीविषयीचे मत मात्र मागे घेत नाही, कारण चाळीस वर्षे वर्गात मुले पाहिली आहेत आणि दोन घरांत वाटलेला दिवाळीचा फराळ कोणत्याही मुलाला गोड लागत नाही.

शेवंती
तणतणत खाल्लेला एकत्र फराळही लागत नाही, हे मी त्याच मुलाच्या ताटाजवळ बसून पाहिले आहे. तरी शब्द मागे घेतलात, धन्यवाद.

सरळरेघ, आपण विचारले नाही तरी सांगते: माझ्यासारखी वही आपणही ठेवा. तारखांसकट ठेवा.

आणि आईचे म्हणाल, तर यंदा गौरीला तो पुन्हा आला. आईने बॉक्स वॉचमनकडे ठेवायला सांगितला, दार उघडले नाही, आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.