क्रिझमचे ५० मिलिकेल्विनचे पिक्सेल वैश्विक किरणांपुढे टिकतात कसे?

तारकापुंज:
क्रिझम या क्ष-किरण अवकाशदुर्बिणीच्या ‘रिझॉल्व्ह’ उपकरणाबद्दल वाचतोय. ३६ पिक्सेल, तापमान ५० मिलिकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जरासं वर. क्ष-किरणाचा एक फोटॉन शोषला की पिक्सेल किंचित तापतो, त्यावरून ऊर्जा काढतात. ६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला अचूकता सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. पण अवकाशात प्रोटॉन सतत आदळत असणार आणि त्यांची ऊर्जा अब्जावधी इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे ते चटकन वेगळे ओळखू येत असतील ना? आणि शिशाचं जाड कवच का लावत नाहीत?

शीतकक्ष:
नाही, चटकन ओळखू येत नाहीत, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. प्रोटॉनकडे ऊर्जा कितीही असो, पिक्सेलमध्ये तो ती सगळी टाकत नाही, आरपार निघून जातो. शोषक मर्क्युरी टेल्युराइडचा, जाडी सुमारे १० मायक्रॉन. एवढ्या थरातून जाताना वेगवान प्रोटॉन साधारण १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट सोडतो. आपल्याला हवे असलेले क्ष-किरण नेमके याच पट्ट्यात येतात! नुसत्या स्पंदावरून, म्हणजे पिक्सेल तापल्याच्या संकेतावरून, दोघांत फरक करणं अवघड.

म्हणून पिक्सेलच्या मागे सिलिकॉनचा आणखी एक डिटेक्टर असतो. क्ष-किरण वरच अडतो, प्रोटॉन दोन्हीकडे खूण ठेवून जातो. एकाच क्षणी दोन्ही वाजले की ती घटना बाद.

कवचाचं म्हणाल तर एवढे वेगवान प्रोटॉन शिशाला दाद देत नाहीत. उलट आतल्या बाजूने दुय्यम कणांचा वर्षाव होतो. त्यातले मंद इलेक्ट्रॉन मला सर्वांत त्रासदायक वाटतात, कारण ते शोषकातच थांबतात. मागच्या डिटेक्टरला त्यांचा पत्ताच लागत नाही.

तारकापुंज:
मग पिक्सेल चुकवून बाजूच्या सिलिकॉनवर आदळलेले कण निरुपद्रवीच म्हणायचे?

शीतकक्ष:
अजिबात नाही. मी अशा डिटेक्टरांच्या स्पंदांच्या विश्लेषणावर काम करते, आणि माझ्या मते पिक्सेलभोवतीच्या या सिलिकॉनच्या चौकटीकडे लोक फार कमी लक्ष देतात. अर्धा मिलिमीटर सिलिकॉनमधून जाताना कण १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त सोडू शकतो. ती उष्णता चौकटीतून पसरते आणि शेजारच्या अनेक पिक्सेलना एकाच वेळी हलकासा धक्का देते. प्रत्येक धक्का इतका लहान की घटना म्हणून त्याची नोंदही होत नाही. पण नेमका त्याच वेळी खरा फोटॉन आला, तर त्याच्या स्पंदाखालची पातळी तिरकी झालेली असते आणि मोजलेली ऊर्जा सरकते. असे धक्के वारंवार बसले की वर्णरेषा रुंदावते. ती रुंदी वायूच्या खळबळीमुळे आहे असं समजून कोणी निष्कर्ष काढला तर? म्हणून चौकटीतली उष्णता झटपट वाहून नेण्यासाठी सोन्याचा थर देतात, आणि अनेक पिक्सेल एकाच क्षणी हलले तर त्या घटना गाळतात.

दूरदर्शक:
शीतकक्षताईंच्या मुद्द्याला प्लँक या अवकाशयानाचा दाखला आहे. २००९ साली गेलेल्या त्या यानाचे बोलोमीटर (तापण्यावरून प्रारण मोजणारे डिटेक्टर) १०० मिलिकेल्विनला होते. प्रत्येकाला सेकंदाला साधारण एक धक्का बसायचा. लांब शेपटीचे धक्के बोलोमीटरच्या जाळीतून येत नव्हते, भोवतालच्या सिलिकॉनमधून येत होते. यान पृथ्वीपासून खूप दूरच्या एल-२ बिंदूपाशी होतं, शिवाय तेव्हा सूर्य शांत होता, त्यामुळे आकाशगंगेतले कण जास्त पोहोचत होते.

तारकापुंज:
क्रिझम तर पृथ्वीजवळ फिरतं. मग त्याला त्रास कमी?

शीतकक्ष:
बराच कमी. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र पुष्कळ कण वळवतं, फक्त दक्षिण अटलांटिकवरच्या पट्ट्यातून जाताना कणांची गर्दी होते. पृथ्वीपासून दूर जाणाऱ्या अथेना या नियोजित क्ष-किरण दुर्बिणीला मात्र हे छत्र मिळणार नाही. तिथे मागचा डिटेक्टर पिक्सेलपासून एक मिलिमीटरहूनही जवळ ठेवायचा आराखडा आहे.

उरलेली पार्श्वभूमी क्रिझममध्ये कशी मोजतात तेही बघा. दुर्बिणीसमोर पृथ्वीची रात्रीची बाजू आली की आकाशातले क्ष-किरण झाकले जातात. तरीही जे नोंदलं जातं ते बहुतांशी कणांमुळे. त्या नोंदी यान चुंबकक्षेत्रात कुठे होतं त्यानुसार वेगळ्या करतात आणि त्यांवरून प्रत्येक निरीक्षणासाठी पार्श्वभूमी बांधतात. दीर्घिकासमूहांच्या अंधूक कडा अभ्यासायच्या असतील तर याच पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. तिथे खरे फोटॉन इतके थोडे असतात की पार्श्वभूमीतली छोटी चूकही तापमानाचं उत्तर बदलून टाकते.